कपावरचं घर

चिलीच्या संशोधन जहाजावर स्वयंपाक करणाऱ्या ओतिलियाबाई दरवेळी भांडायच्या, "माझे थर्माकोलचे कप पळवता आणि समुद्राच्या घशात घालता!" सागरी गर्तेत यंत्र सोडताना प्रत्येकानं कप रंगवून त्याला बांधायचा, ही तिथली रीतच. यंदा मात्र बाईंनी स्वतःच कप उचलला. समुद्राचा तळ त्यांच्या देशाखाली शिरतो, तिथं ही आठ किलोमीटर खोल गर्ता झालेली. तिथूनच उठलेल्या भूकंपात बाईंचं घर पडलं होतं. तेच घर त्यांनी काढलं. "मावशी, पत्ता नाही लिहिलात?" संशोधक मुलीनं चिडवलं. "गर्तेला पाठ आहे तो." सहा तासांनी यंत्र वर आलं. पाण्याच्या दाबानं कप अंगठ्याएवढा झाला होता. पण दार, खिडक्या, छप्पर सगळं जागच्या जागी. कुठं तडासुद्धा नव्हता. बाईंनी तो कौतुकानं निरखला. "बघ गं, मनात आणलं तर घर न पाडताही जमतं या गर्तेला!"