मधली सहा वर्षे

"बोट लावताच प्रतिसाद देणाऱ्या वेबसाइट बनवायला शिकवणारं पुस्तक दाखवा. सुनेसाठी हवंय," मी दुकानदाराला सांगितले.

"नवख्या आहेत का त्या?"

"छे! चांगली नऊ वर्षं हेच काम करत होती. आता पुन्हा करायचं म्हणते."

त्याने तीन पुस्तके समोर मांडली. "मध्ये खंड किती पडला, आजी? या विषयातलं ज्ञान फार लवकर शिळं होतं."

"सहा वर्षं."

तिन्ही पुस्तके उचलून त्याने विटेएवढे एक जाडजूड पुस्तक माझ्या हाती दिले. "पहिल्यापासून शिकावं लागेल त्यांना. इतकं चांगलं काम सोडलं तरी कशाला?"

"मीच सोडायला सांगितलं होतं. माझा शब्द घरात कुणी मोडत नाही," मी म्हणाले.

हेच वाक्य आजवर मी शंभरदा ताठ मानेने उच्चारले होते.