घरगुती कारण

सुलक्षणा मॅडमनी पेन्सिल उत्तराच्या 'सी' पर्यायावर टेकवली आणि जांभई दिली. "सीच असणार गं राजश्री. वाच बरं परत."

राजश्रीनं झेरॉक्स जवळ ओढली. २००५चा जानेवारी चालू होता. एमबीएची प्रवेश परीक्षा महिन्यावर आली होती, आणि परीक्षा होती मॅडमची. तळेगावच्या बागायतदाराची ही लेक कारेगावच्या कारखान्यात कामगारांची भरती बघायची. इंग्रजी फाडफाड, पण क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे तर्काचे प्रश्न, आले की डोक्याला मुंग्या! राजश्री तिथंच असेंब्ली लाइनला. इनामगावची, शिरूरच्या कॉलेजातली बीएस्सी. इंग्रजी अडखळत वाचायची, पण कुणाच्या बोलण्यात खोट असली की ती तिच्या दाताखाली भातातल्या खड्यासारखी यायची. तीन महिने जेवणाच्या सुट्टीत ती मॅडमचे प्रश्न सोडवून देत होती. "ह्या खेपेला तुझं नाव कायमच्या यादीत घालते," मॅडमनी शब्द दिला होता. त्या शब्दावर तिच्या आईनं, सारजाबाईनं, विहारात खीरसुद्धा वाटली होती.

प्रश्न असा होता: एका कंपनीत कुणीच कामगार सात महिन्यांच्या वर टिकत नाही. मॅनेजर म्हणतो, ह्या भागातली माणसंच चंचल. खालीलपैकी कोणती गोष्ट खरी निघाली, तर मॅनेजरचं म्हणणं सगळ्यात जास्त ढासळेल?

"शेतीची कामं निघाली की जातात," मॅडम म्हणाल्या. "सी. बरोबर ना?"

राजश्रीला आधी हसूच आलं. उत्तर डी होतं: सात महिने भरत आले की कंपनी स्वतःच कामगारांना काढते. प्रश्न काढणारा जणू त्यांच्याच गेटवर उभा राहून गेला होता. दोनशे चाळीस दिवस भरले तर कामगार कायम करावा लागतो, म्हणून त्याआधीच 'ब्रेक' द्यायचा, आणि पंधरा दिवसांनी नव्या कार्डावर नवा म्हणून घ्यायचा. ह्याच बाईनं तिला असं दोनदा घरी बसवलं होतं.

"डी, मॅडम."

"डी? शिकून तयार झालेली माणसं कंपनी कशाला काढील गं? कायतरीच तुझं."

राजश्री त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. सोंग असतं तर एक वेळ परवडलं असतं. बाईला खरंच सुचलं नव्हतं! दर महिन्याला आपल्या हातानं करते ते हिला दिसत न्हाई, आन् ही मॅनेजर होणार! तरी तिनं समजावलं, "बाकीची तिन्ही उत्तरं माणसं का जातात ते सांगतात, मॅडम. डी सांगतं, ती जातच न्हाईत. त्यांना घालवतात."

मॅडमनी मागचं उत्तरांचं पान उघडलं. डीच होतं. "अय्या, खरंच की! काय डोकं गं तुझं!" त्यांनी डीभोवती दोनदा गोल केला आणि डब्यातला रव्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला. मग ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. "आता हे तेवढं उरकू. उद्या तुझे सात महिने भरतायत."

राजश्रीनं नुकताच लाडवाचा घास घेतला होता. "यादीत नाव घालणार होतात ना तुम्ही?"

"घालणारच होते गं! पण ह्या अभ्यासाच्या नादात यादी साहेबांकडं गेलीसुद्धा. पुढच्या खेपेला नक्की. लिही राजीनामा, नेहमीसारखा. घरगुती कारण."

घास तोंडात फिरायला लागला. तिला शिसारी आली. बाईची आली, लाडवाची आली, आणि तीन महिने इमानानं डोकं झिजवणाऱ्या स्वतःची तर जास्तच आली. तिनं घास रुमालात काढला, पेन उचललं आणि कारणाच्या जागी ठळक लिहिलं: सात महिने भरत आले म्हणून कंपनीने काढले.

मॅडमनी वाचलं. रागावल्यासुद्धा नाहीत. कागद चुरगळून टोपलीत टाकला, दुसरा कोरा पुढं केला, आणि धाकट्या बहिणीला सांगावं तशा मायेनं म्हणाल्या, "वेडी का गं तू? ते उत्तर परीक्षेपुरतं असतं."