पिवळं फाटक

"पुन्हा तेच!" गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या साहेबानं कपाळावर हात मारला. "तांबडा दिवा लागला की गाणं आवरायचं, ओझेला. तीन मिनिटं म्हणजे तीनच मिनिटं. मेणाची दुसरी तबकडी वाया घालवलीस."

मेम्फिसच्या हॉटेलातली ती वरची खोली नुसती भट्टी झाली होती. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, खिडक्या बंद, पंखासुद्धा बंद. गाणं उतरवून घेणाऱ्या यंत्राला दुसरा आवाज चालत नाही म्हणे. ओझेलाच्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"साहेब, शेवटचं कडवं राहतंय हो माझं."

"मग दे सोडून. दारुडा नवरा आहे, पूर आहे, आगगाडी आहे. लोकांना हेच लागतं."

लागत असेल. पण लोकांसाठी गायला आलं होतं कोण?

पियानोवर हर्शेल होता. तंबूच्या खेळात दहा वर्षं तो तिच्याबरोबर गावोगाव हिंडला होता. अशाच एका फिरतीवर ओझेला असताना तिची मावशी तिच्या लेकीला, कॉर्डीला, घेऊन शिकागोला निघून गेली. पत्ता नाही, चिठ्ठी नाही. पोर तेव्हा नऊ वर्षांची होती, आता सतराची. पुढं ओझेलानंही गाव बदललं, हेलेना गावात बिऱ्हाड केलं. आता आई लेकीला शोधणार कुठं, आणि लेक आईला? पण शिकागोत आपल्या काळ्या लोकांच्या घराघरांत तबकड्या वाजतात, असं रेल्वेवरचे पोर्टर येऊन सांगत. ते ऐकल्यापासून बाईच्या जिवाला चैन नव्हतं.

साहेबानं कपाटातून तिसरी तबकडी काढली. "ही शेवटची. ही गेली तर आलीस तशी मागच्या जिन्यानं खाली जायचं."

हर्शेलनं सूर धरला. ओझेला मायक्रोफोनसमोर उभी राहिली. नवरा, पूर, आगगाडी, सगळं गेलं खड्ड्यात. तिनं शेवटचं कडवंच आधी उचललं.

"हेलेनाला उतर, कॉर्डी, गिरणीमागं ये,
हेलेनाला उतर, कॉर्डी, गिरणीमागं ये,
पिवळं फाटक माझंच, लेकी, ढकलून आत ये."

हर्शेलची बोटं जरा अडखळली, मग त्यानं सावरून घेतलं. आता पुढचं कडवं. पण कसलं पुढचं! तिनं डोळे मिटले आणि परत तेच घेतलं. मग परत. एकदा लांबून हाक मारावी तसं, एकदा रागावून, एकदा झोपलेल्या पोरीला उठवावं तसं हळू. पाचव्यांदा गाताना तांबडा दिवा लागला. तिनं शेवटचं 'ये' पुरं केलं आणि गप्प झाली.

साहेब बघतच राहिला. "अगं, हे काय गाणं झालं? सगळं एकच! कोण घेणार ही तबकडी?"

"एकीनं घेतली तरी झालं, साहेब," ओझेला म्हणाली. "जरा ऐकवता का? नीट उमटलंय का बघते."

"आत्ता वाजवली तर मेण खरवडून जाईल आणि सगळंच पुसलं जाईल. छापून आली की ऐक."

दोघं मागच्या जिन्यानं उतरू लागली. हर्शेलनं हात दिला.

"मी पिवळंच म्हटलं ना रे?"

"पाचदा म्हटलंस, बाई. बहिऱ्यालाही पाठ झालं असेल."

ती पायरीवरच थबकली.

"अरे देवा! मग गाडी धरायच्या आधी रंगाचं दुकान गाठ. फाटकाचा पिवळा कधीच उडालाय."