मूळ भाडेकरू

"तोंड भिंतीकडे, मफलर नाकापर्यंत, आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही," आयाबाईनं पुन्हा एकदा बजावलं.

"मेलेल्याचं सोंग घेणं सोपं असतं गं," कॉटवरचे आजोबा म्हणाले. "तू मला जिवंत माणसाचं सोंग घ्यायला लावतेस."

तिला हसू आलं नाही. हल्ली तिला कशाचंच हसू येत नसे. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलून, पुसून, भरवून कंबर मोडलेली, आणि घरी आलं की हे.

'हे' म्हणजे नवा मालक. जुन्या मालकानं तिच्या सासऱ्यांना लिहून दिलं होतं, की मूळ भाडेकरू या खोलीत राहतोय तोवर भाडं वाढणार नाही आणि अटीही बदलणार नाहीत. भाडं द्यायला सासरे स्वतः मालकाच्या दुकानावर जायचे आणि गप्पा छाटून परत यायचे. तिनं त्या मालकाला कधी पाहिलंही नव्हतं. पुढे त्यानं घर मुलाच्या नावावर करून दिलं, आणि मुलानं आल्या आल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या अटी बदलल्या. भाडं दीडपट. पाणी फक्त सकाळी. रात्री नऊला गेट बंद. तिची पाळी सुटायची दहाला. आता रोज रात्री काय गेटबाहेर बसून राहायचं, आणि पोरीनं आत एकटीनं झोपायचं?

भाडेकरू संघाच्या वकीलबाईंनी जुना करार वाचून विचारलं होतं, "सासरे आहेत ना? मग निर्धास्त राहा. ते राहताहेत तोवर तुमच्या अटींना कोणी हात लावू शकत नाही."

"आहेत," ती म्हणाली होती. सासरे मागच्या हिवाळ्यात नणंदेच्या घरी वारले होते. इथे कुणालाच त्याचा पत्ता नव्हता, आणि तिनंही तो लागू दिला नव्हता.

मग मालकाचा निरोप आला. आजोबांना एकदा डोळ्यांनी बघतो, म्हणजे तुमचं जुनंच चालू ठेवायला मी मोकळा.

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात, खिडकीजवळच्या आजोबांना अंघोळ घालताना तिला रडू कोसळलं. तिनं सगळं सांगून टाकलं. त्यांना भेटायला कधी कुणी यायचं नाही, त्यामुळे त्यांच्याजवळ बोललेलं बाहेर जायची भीती नव्हती. त्यांनी पत्ता विचारला. मग म्हणाले, "माणूस पाठवणार आहे, की मालक स्वतः येणार?"

"स्वतः येणार म्हणालाय."

अंगावरचं पाणी गार झालं तरी आजोबा तसेच बसून राहिले. शेवटी म्हणाले, "ने मला."

दातांच्या डॉक्टरकडे नेते असं सांगून तिनं त्यांना बाहेर काढलं. हे उघडकीला आलं असतं तर खोलीबरोबर नोकरीही गेली असती. जिन्याच्या वळणावर एक तुळई फार खाली आलेली आहे, नवख्याचं डोकं तिथे आपटतंच. ती सावध करणार तेवढ्यात आजोबा मान वाकवून पुढे गेलेसुद्धा. खोलीत कोंदट होतं आणि खिडकी उघडता उघडेना, तर म्हणाले, "आधी वर उचल, मग ढकल." खिडकी उघडली. म्हाताऱ्या माणसांना असल्या गोष्टी कळतात, असं तिला वाटलं.

जिन्यात धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ शिवी ऐकू आली. मालक आला होता.

कपाळ चोळत तो दारातच उभा राहिला. आतला औषधांचा वास आल्यावर त्यानं रुमाल नाकाला लावला.

"राग मानू नका, ताई. शहानिशा करावी लागते. आमच्या वडिलांनी वाटेल त्याला वाटेल ते लिहून दिलंय. ते सगळं आता मी निस्तरतोय."

"कसे आहेत ते?" काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं विचारलं.

"मजेत. बहिणीकडे असतात, परदेशात."

कॉटवर खोकल्याची उबळ आली. आधी दोन आखूड ठसके, मग एक लांब, खोल, घशात घुमणारा. आणि मग आजोबा सावकाश या कुशीवर वळले, मफलर हनुवटीखाली ओढला आणि दाढीचे खुंट वाढलेला तो चेहरा उघडा टाकून मालकाकडे टक लावून बघत राहिले.

मालकानं त्यांच्याकडे पाहिलं. मग छताच्या ओलीकडे पाहिलं, आणि मग हातातल्या मोबाइलकडे.

"ठीक आहे. जपा आजोबांना," तो म्हणाला. "ते आहेत तोवर तुमचं जुनंच चालू. गेटची एक किल्ली पाठवून देतो."

उतरताना त्याचं डोकं पुन्हा आपटल्याचा आवाज आला.

ती भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसली. इतक्या महिन्यांचा शीण एकदम अंगावर आला आणि डोळे आपोआप मिटले. खोली राहिली होती. पोरीची शाळा राहिली होती. आणि मग तिला राग आला.

"काय हे, आजोबा! किती बजावलं होतं तुम्हाला! मफलर कशाला काढलात? आणि एवढं मोठ्यानं खोकायचं काय नडलं होतं?"

आजोबा उठून बसले होते. मांडीवर मफलरची घडी घालत होते, पण ती काही केल्या नीट बसत नव्हती.

"लहानपणी बाजारात हात सुटला," ते म्हणाले, "की नुसत्या त्या खोकल्यावरून मला शोधत यायचा तो."