जपानी मशीन कोणाचं

विशालने मशीन टॉवेलात गुंडाळलं आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये कोंबलं.

“दादा, ता भायर काढ,” अश्विनी दारातून म्हणाली.

“कित्याक? माझा आसा, मी घेऊन जातंय. थंय शोकेसात ठेवतलंय. लिस्बनात माझ्या दोस्तांकडे असला कोणाकडेच नाय.”

“आदी भायर काढ. मगे बोल.”

विशाल हसला आणि पुन्हा कपडे भरू लागला. चतुर्थीला म्हणून तो सहा वर्षांनी गोव्यात, मांद्र्याच्या घरी आला होता आणि संध्याकाळच्या विमानाने परत चालला होता.

ते लाल-पांढरं गेम कन्सोल घरात आलं तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि विशाल बारा. बाबा, म्हणजे बाबली, मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये कामाला होते. कोबे बंदरात त्यांनी ते घेतलं आणि रजेवर येणाऱ्या एका खलाशाच्या हाती घरी पाठवलं. सोबत विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर होता, कारण जपानी मशीन शंभर व्होल्टवर चालतं आणि आपल्याकडे येतात दोनशे तीस. आईने खोका उघडला आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, “बाबांनी विशालसाठी पाठवल्यानी. अश्विनी, तू हात लावचो नाय.”

पुढच्या वर्षी विशालने घाईघाईत ट्रान्सफॉर्मर न लावताच मशीन थेट भिंतीतल्या प्लगात घातलं. धूर आला. तो मागच्या दाराने पसार झाला. आईने अश्विनीला फुंकणीने मारलं. मी नाही केलं, असं ती ओरडून सांगत होती. आईने ऐकून घेतलं नाही.

विशालने मेलेलं मशीन माळ्यावर टाकलं आणि क्रिकेटला जाऊ लागला. अश्विनीने ते खाली काढलं. पिशवीत घालून बसने पेडण्याच्या बाजारात नेलं. तिथे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जयरामने ते उघडून दाखवलं. मशीन शाबूत होतं, फक्त त्याच्या वायरीवरचा छोटा अडॅप्टर जळला होता. त्याने तिच्या हातात सोल्डरिंगची कांडी दिली. त्या दिवशी तिची बोटं भाजली आणि टीव्हीवर चित्र आलं. आज ती आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होती. खाऱ्या हवेने मशीन आतून गंजू नये म्हणून दर पावसाळ्यानंतर ते उघडून पुसत होती. विशालने तेहतीस वर्षांत एकदाही त्याची चौकशी केली नव्हती.

तिने पुढे होऊन बॅगेत हात घातला. विशालने तिचं मनगट धरलं.

“सोड, अश्विनी. बाबांनी ता माझ्यासाठी पाठवल्यानी. आख्ख्या वाड्याक म्हायत आसा.”

“जाळलंस तू! मार खाल्लंय मी! आणि जिता केलंय पण मीच!”

तिने हिसका देऊन हात सोडवला. बॅग कॉटवरून खाली पडली. शर्ट, काजूची पाकिटं, टॉवेल, सगळं जमिनीवर पसरलं. मशीन दोघांच्या मध्ये पडलं होतं.

काठी टेकत बाबा आत आले. इंजिनाच्या आवाजाने त्यांचे कान निम्मे गेले होते, पण बॅग पडलेली त्यांना व्हरांड्यातून दिसली होती.

“काय झाला?”

अश्विनी त्यांच्यावर कधीच ओरडली नव्हती. सहा वर्षं तीच त्यांना जेवू घालत होती, म्हापशाला डॉक्टरकडे नेत होती. आज ती ओरडली, त्यांना ऐकू यावं म्हणून आणि तेवढ्यासाठीच नव्हे.

“बाबा, माका एकच सांगा! मी खंय कमी पडलंय? ह्या मशीन पण तुमी त्याकाच कित्याक दिलात?”

बाबांनी खाली पाहिलं. मग विशालकडे, मग तिच्याकडे. त्यांना प्रश्नच कळला नसावा, असं क्षणभर वाटलं.

“त्याका खंय दिलंय?” ते म्हणाले. “ता तुझा, गो. तुझ्यासाठी घेतलेलंय. बोटीर पत्रां तूच तर लिवायचंस. ह्येणा कधी एक ओळ लिवल्यान नाय.”

विशालने खाली वाकून मशीन उचललं, टेबलावर ठेवलं आणि कोणाकडे न बघता आपले कपडे गोळा करू लागला.

अश्विनीचा राग मात्र खाली उतरेना. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, तिला आता काय विचारणार? समोर बाबाच होते.

“मगे बोललात कित्याक नाय?” तिचा आवाज फाटला. “इतकी वर्सां! दर रजेक येयत होतात, बघत होतात. एक दिवस तरी बोललात कित्याक नाय?”

बाबा कॉटच्या कडेवर बसले.

“काय बोलतलंय? मी रजेर येयन तेव्हा तो खेळायचो आणि तू बाजूक बसान बघायचंस. माका वाटला, तू आपल्या खुशीन त्याका दिलंस. बोटीर सगळ्यांका मी सांगायचंय, माझ्या चेडवाचा, अश्विनीचा मन बघा केवढा मोठा.”