दाराशी अडकलेली प्रथिनं

सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशींत हिरवे ठिपके दिसले, तशी प्रणोती खुर्चीत मागे टेकली. पीएचडीची चार वर्षं ती हेच शोधत होती. पण सांगणार कुणाला? गाईड दुसऱ्या संस्थेत गेले, त्यांच्यामागून सगळेच गेले; प्रयोगशाळेत ती एकटी उरली होती.

तिने इचलकरंजीला वडिलांना फोन लावला. यंत्रमागांच्या खडखडाटातून अण्णा बाहेर आले.

"अण्णा, सापडलं."

"काय सापडलं गं?"

"पेशीच्या आवरणातली प्रथिनं निकामी झाली की पेशी त्यांच्यावर खूण करते. मग खुणेची प्रथिनं आतल्या पिशवीत मोडायला जातात. मी एक जनुक काढून टाकलं, तर ती पिशवीच्या दाराशीच अडकून पडली. तेच आज हिरवे ठिपके होऊन दिसले."

"म्हंजे त्यास्नी आत घेणारा कोण, ते तुला गावलं म्हण की."

प्रणोतीला हसू फुटलं. नेमकं तेच तर गावलं होतं.

"मग पेढे वाट आता सगळ्यांस्नी. हाईत न्हवं तितं तुझ्या मैत्रिणी?"

रिकाम्या खुर्च्यांकडे बघत ती म्हणाली, "हाईत की, अण्णा. सगळ्या हितंच हाईत."