दशकाच्या घरातला दाणा

आमच्या पुनोच्या डोंगरातल्या शाळेत मी बेरीज युपानावर शिकवते, म्हणजे कप्पे कोरलेल्या लाकडी पाटीवर मक्याचे दाणे मांडून. हे कौतुक बघायला खास शहरातून शिक्षण कचेरीचे साहेब आले. आधी धाप लागली म्हणून कोकाच्या पानांचा चहा हातात घेतला, मग हसले.

माझ्या वर्गातल्या फ्लोरमिलाने सत्तावीस आणि पंधरा मांडले. एककाच्या घरातले दहा दाणे उचलले आणि दशकाच्या घरात एक ठेवला.

"अगं, दहा उचललेस आणि ठेवलास एकच? बाकीचे नऊ कुणी खाल्ले?" साहेबांनी गंमत केली.

"कुणी नाही, साहेब. त्या एकालाच दहा धरायचं."

"शाब्बास! इतकं पक्कं कसं डोक्यात बसलं गं तुझ्या?"

मी उगाच ताठ उभी राहिले.

"शाळेतल्या न्याहारीच्या पोत्यांवरून," फ्लोरमिला म्हणाली. " तुमच्या कचेरीतून ओट्सची दहा पोती निघतात, इथे एकच पोचतं. कागदावर मात्र दहाच धरतात."

साहेबांनी चहा अर्धाच टाकला.

सोमवारी हुकूम आला: "यापुढे बेरीज तोंडीच शिकवावी. दाणे बघून बघून मुलांची नजर बिघडते."